भात कोणी टाकला?

मंडळी, आजचा विषय आहे तुंबलेलं सिंक. शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचायला काही फार देखणा विषय नाही, मान्य. पण अमेरिकेत येऊन अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, त्यातही चौघांत मिळून दोन बेडरूम घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी यातून जावं लागतंच. आणि त्या रात्री जे भांडण होतं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: भात कोणी टाकला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. गार्बेज डिस्पोजल या यंत्राचा घात त्याच्या नावानेच केला आहे. कचऱ्याची विल्हेवाट लावणारं यंत्र म्हटल्यावर लोक त्यात कचराच टाकणार! प्रत्यक्षात ते ताटाला चिकटून राहिलेल्या, जाळीतून निसटलेल्या खरकट्यासाठी आहे. आपण सॉफ्टवेअरवाले एक्सेप्शन हँडलर लिहितो ना, तसं. सगळा प्रोग्राम एक्सेप्शनवरच चालवायचा नसतो.

बहुतेकांच्या डोक्यात सिंकखाली एक मिक्सर बसवलाय असं चित्र असतं. धारदार पाती, घर्रर्र, संपलं. पण आत पाती नसतातच. एक फिरती थाळी असते, तिच्यावर दोन हलते धातूचे ठोकळे, आणि भोवती दातेरी कडं. थाळी गरगर फिरली की केंद्रोत्सारी बलाने (दहावीच्या फिजिक्सचा आयुष्यात एवढाच उपयोग झाला बहुधा) खरकटं त्या कड्यावर फेकलं जातं, घासलं जातं आणि पुरेसं बारीक झालं की पाण्याबरोबर खाली जातं. म्हणजे मिक्सर नव्हे, किसणी. आता सांगा, किसणीवर कोथिंबिरीच्या काड्या किसून पाहिल्यात कधी? शेवग्याच्या शेंगेचा चोथा? कांद्याची पातळ साल? असल्या धागेदार गोष्टी एक तर ठोकळ्यांभोवती गुंडाळतात, नाही तर न किसताच लांबलचक निसटतात.

हे यंत्र विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ मध्ये बनवलं. पेटंट १९३५ मध्ये मिळालं आणि १९३८ मध्ये त्याने इनसिंकइरेटर ही कंपनी काढली. आज अमेरिकेत ते इतकं सर्रास दिसतं की पहिल्यापासून सगळ्यांनी आनंदाने स्वीकारलं असेल असं वाटतं. पण न्यूयॉर्क शहराच्या मोठ्या भागात घरगुती डिस्पोजलवर कित्येक वर्षं बंदी होती, ती उठली थेट १९९७ मध्ये. कारण साधं होतं. यंत्र कचरा नाहीसा करत नाही, फक्त पुढे ढकलतं. आपल्याकडे एखादा महाभाग 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून कोड प्रॉडक्शनला ढकलतो आणि शुक्रवारी सहाला घरी जातो, तसाच प्रकार.

आणि ते 'पुढे' कुठे असतं? दीड इंची पाइपात. सिंकखाली वाकून पाहिलंत तर इंग्रजी पी अक्षर आडवं पडल्यासारखं एक वळण दिसेल, तो पी-ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. तिथून पुढे भिंतीत शिरणाऱ्या पाइपाला उतार असतो साधारण फुटामागे पाव इंच. बस, एवढाच! त्या नाममात्र उतारावरून लगदा वाहून नेण्याचं काम यंत्राचं नाही, पाण्याचं आहे. म्हणून पाच सेकंद घर्रर्र करून स्विच आणि नळ एकदम बंद करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घरघर थांबल्यावरही वीसेक सेकंद नळ चालू ठेवायला काय जातं?

आता भात. शिजलेला भात बारीक झाला की त्याची खळ होते. आपल्या आज्या सुती साड्यांना घालायच्या तीच. ती पाइपाच्या आतल्या बाजूला बसते, तिच्यावर चहाचा चोथा किंवा कॉफीचा गाळ बसतो, आणि या सगळ्याला सिमेंटसारखं धरून ठेवते ती चरबी. माझ्या मते खरा खलनायक भात नाहीच, तूप-तेल आहे. खोबरेल तेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास थिजतं, तूपही गारठ्यात गोठतं, आणि जानेवारीत इथल्या भिंतीतला पाइप काय कोल्हापूरच्या उन्हात असतो थोडाच? 'गरम पाणी आणि साबण सोडला की तेल जातं' हा लाडका गैरसमज आहे. जातं, पण चार फूट पुढे जाऊन थिजतं, जिथे तुमचा हात पोचत नाही. म्हणूनच डिस्पोजल चालवताना गार पाणी सोडायला सांगतात, म्हणजे चुकून आलेली चरबी घट्ट होऊन तिचे तुकडे होतात. आणि पुढचं पुढे काय होतं ते पाहायचं असेल तर लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये २०१७ साली सापडलेला चरबीचा गोळा आठवा. २५० मीटर लांब, १३० टन वजन! त्याचा तुकडा नंतर म्युझियममध्ये ठेवला होता म्हणे बघायला. हौस एकेकाची.

इथे एक जरा नाजूक मुद्दा. मी पूर्वी राहायचो त्या कॉम्प्लेक्समध्ये एकदा दारोदार नोटीस लागली, की भारतीय स्वयंपाक करणाऱ्या रहिवाशांनी भात आणि करी सिंकमध्ये टाकू नये. आमच्याकडे त्यावरून भयंकर गरमागरमी झाली. मला विचाराल तर ती नोटीस चुकीची होती, आणि आमचा संतापही अर्धाच बरोबर होता. चुकीची अशासाठी, की इथल्या प्लंबर लोकांचा वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस दिवाळीचा पाडवा नसतो, थँक्सगिव्हिंगच्या दुसरा दिवस असतो. टर्कीची चरबी आणि बटाट्याच्या साली, दुसरं काय. पाइपाला पासपोर्ट कळत नाही. पण संताप अर्धाच बरोबर अशासाठी, की तीन मजल्यांच्या इमारतीत सगळ्यांची सिंकं एकाच उभ्या पाइपाला जोडलेली असतात. खाली तुंबलं की पाणी सगळ्यात खालच्या सिंकमधून वर येतं. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या अमेरिकन आजीबाईंच्या सिंकमध्ये एका रविवारी पिवळंधमक पाणी आलं, वर तेलाचा तवंग. त्या स्वतः उकडलेलं खाणाऱ्या. कोणत्या मजल्यावरची हळद होती ते कळायला मार्ग नव्हता, पण ती आजीबाईंची नव्हती एवढं नक्की. त्यांना तेव्हा वंशभेदावर व्याख्यान देऊन उपयोग नव्हता, त्यांना बादली आणि माणूस हवा होता.

असो. तुंबलंच तर काय करायचं? आधी निदान. यंत्र नुसतं गुणगुणतंय, फिरत नाही, तर पाइप नाही, यंत्र अडकलंय. स्विच बंद करा, प्लग काढा (किंवा ब्रेकर पाडा), मग खालून मधोमध असलेल्या षटकोनी भोकात पाव इंची ॲलन की घालून मागेपुढे फिरवा. अडकलेला चमचा वगैरे चिमट्याने काढा, आत हात घालायचा नाही म्हणजे नाही. मग खालचंच लाल बटण दाबा. निम्म्या वेळा 'मेलेलं' डिस्पोजल या बटणाने जिवंत होतं. रीस्टार्ट करून बघितलं का, हा आपला सनातन प्रश्न इथेही लागू आहे :-)

यंत्र छान फिरतंय पण पाणी हळू उतरतंय, तर पुढे काहीतरी अडलंय. फक्त डिस्पोजलच्या बाजूचं सिंक तुंबलं असेल तर अडथळा जवळ आहे, दोन्ही बाजूंना पाणी चढत असेल तर ट्रॅपमध्ये किंवा भिंतीत. बाथरूमही तुंबलं असेल तर गपचूप मेंटेनन्सला फोन करा, तुमच्या आवाक्यातलं काम नाही. प्लंजर मारताना दुसऱ्या सिंकचं भोक ओल्या फडक्याने कोणीतरी दाबून धरायला हवं आणि डिशवॉशरची नळी चिमट्यात आवळायला हवी, नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो. त्याने नाही भागलं तर खाली बादली ठेवून ट्रॅप उघडायचा. प्लास्टिकचे नट असतील तर बहुधा हातानेच फिरतात. वास येतो, पण दहा मिनिटांत काम होतं.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर? फेस छान येतो. पण दोघं एकमेकांना मारून उरतं ते सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. थिजलेल्या तुपाचं यातलं कोणीही काही वाकडं करत नाही. दुकानातली ड्रेन क्लीनरची बाटली मात्र नुसती निरुपयोगी नाही, धोकादायक आहे. त्यात बऱ्याचदा कॉस्टिक सोडा असतो. पूर्ण तुंबलेल्या पाइपात तो पुढे जातच नाही, ट्रॅपमध्ये साठून राहतो, आणि नंतर जो ट्रॅप उघडतो किंवा प्लंजर मारतो त्याच्या अंगावर उडतो. तो माणूस बहुतेक वेळा तुम्ही नसता, मेंटेनन्सचा कोणीतरी असतो. तुम्ही बाटली ओतलीच असेल तर निदान त्याला सांगा तरी.

मुळात तुंबू न देण्याची तरकीब हास्यास्पद सोपी आहे: सिंकमध्ये दोन-चार डॉलरची जाळी, आणि कढई धुण्याआधी पेपर टॉवेलने पुसणं. तळणीचं तेल रिकाम्या बरणीत गोळा करून कचऱ्यात. आई इथे आली तेव्हा तिने त्या स्विचला हातही लावला नाही. "एवढं अन्न मशीनला कशाला भरवायचं?" म्हणाली, आणि ओल्या कचऱ्याचा वेगळा डबा मागितला. सिएटलमध्ये अन्न साध्या कचऱ्यात टाकायला २०१५ पासून मनाई आहे, कॅलिफोर्नियात २०२२ पासून ओला कचरा वेगळा गोळा करायचा कायदा आहे. ती सोय असेल तर डिस्पोजल जवळजवळ विसरून जावं असं माझं मत आहे. जिथे अशी सोय नाही तिथे मी एवढा कडक नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या २०२३ च्या अंदाजानुसार कचरा डेपोंमधून निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के सडक्या अन्नामुळे असतो. त्यापेक्षा थोडं खरकटं सांडपाण्याच्या प्लांटला गेलेलं बरं, काही प्लांट त्यातून गॅसही बनवतात. पण थोडं, म्हणजे ताटातलं. उरलेला पातेलंभर पुलाव नव्हे.

आणि हो, नवीन डिस्पोजल बसवल्यानंतर डिशवॉशरचं पाणीच जात नसेल तर कोणावरही आळ घेऊ नका. डिशवॉशरची नळी जिथे जोडतात तिथे आत एक प्लास्टिकचं बूच कंपनीतूनच येतं, ते बसवणाऱ्याने ठोकून काढायचं असतं. तेवढं राहून गेलेलं असतं.