विमानाचा उंचीमापक आणि हवेचें ओझें

अलीकडे आपल्या पुष्कळ कुटुंबांतील मुलें व मुलीहि विमान चालविण्याचें शिक्षण घेऊं लागलीं आहेत. व्यवसायी वैमानिकाच्या परवान्यासाठीं जी सरकारी परीक्षा द्यावी लागते, तींत नौकानयन, नियम वगैरे विषयांबरोबर हवामानशास्त्र हाहि एक स्वतंत्र विषय आहे. विद्यार्थी तो बहुधा पाठांतरानें उरकतात. परंतु या शास्त्राचा पहिलाच धडा असा आहे कीं, तो नुसता पाठ असून भागत नाहीं. तो उमजलाच पाहिजे. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

हवेला वजन असतें हा तो धडा होय. आमच्या वैशेषिकांनीं गुरुत्व हा गुण पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांस दिला, वायूस दिला नाहीं, हें 'तर्कसंग्रह' शिकलेल्या वाचकांस स्मरत असेल. वायूचें ओझें आपणांस जाणवत नाहीं, तेव्हां असें वाटणें स्वाभाविकच आहे. पण इ. स. १६४८ मध्यें फ्रान्स देशांत पास्कल या पंडिताच्या सूचनेवरून त्याच्या मेव्हण्यानें पाऱ्याची नळी प्युइ द डोम नांवाच्या डोंगरावर नेऊन पाहिली. पायथ्याशीं पारा जितका उंच होता, त्याहून शिखरावर तो सुमारें तीन इंच खालीं उतरला. जितकें वर जावें तितकें डोक्यावरील हवेचें ओझें हलकें होतें, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

विमानांतील उंचीमापक हें याच सिद्धांताचें अपत्य आहे. आंतील हवा काढून घेतलेली धातूची एक पातळ डबी त्यांत असते. बाहेरचा भार कमी झाला कीं ती फुगते, वाढला कीं दबते, आणि त्या हालचालीनें कांटे फिरतात. तबकडीवर फूट लिहिलेले असले, तरी यंत्र फूट मोजीत नाहीं; तें भार मोजतें. समुद्रसपाटीजवळ भार एक हेक्टोपास्कलनें, म्हणजे पूर्वीच्या एका मिलिबारनें, उतरला कीं यंत्र सुमारें २८ फूट चढल्याचें सांगतें.

आतां अडचण अशी कीं, हवेचा भार एकाच जागींहि बदलतो. मुंबईस जुलैंतील भार जानेवारींतल्यापेक्षां सुमारें १० हेक्टोपास्कलनें कमी असतो. जानेवारींत बसविलेला आंकडा तसाच ठेवला, तर पावसाळ्यांत जमिनीवर उभें असलेलें विमानहि पावणेतीनशें फूट उंच आहे असें यंत्र दाखवील! म्हणून प्रत्येक विमानतळ त्या क्षणाचा, समुद्रसपाटीस लावून घेतलेला भार वैमानिकांस कळवितो. यास 'क्यूएनएच' म्हणतात. तो आंकडा यंत्रांत बसविला म्हणजे यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतें. फार उंचावर गेल्यावर मात्र सर्व विमानें १०१३.२५ हा एकच प्रमाणभार बसवितात. कारण तेथें जमिनीपेक्षां एकमेकांपासूनचें अंतर राखणें अधिक महत्त्वाचें असतें.

आंकड्यांतील दहांचा फरक काय करूं शकतो, याचें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. २३ मे २०२२ रोजीं पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक प्रवासी विमान पावसांत उतरत होतें. खरा भार १००१ होता. नियंत्रकाच्या तोंडून १०११ असा आंकडा गेला, आणि वैमानिकांनीं तोच बसविला. यंत्र बिघडलें नव्हतें. दिलेल्या आंकड्याप्रमाणें तें बिनचूक चाललें होतें. पण विमान वाटत होतें त्याहून सुमारें २८० फूट खालीं होतें. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनीं तें पुन्हां वर घेतलें, तेव्हां धावपट्टी अद्याप दीड किलोमीटरच्या सुमारास दूर होती आणि विमान जमिनीपासून अवघें सहा फूट उरलें होतें. दुसऱ्या खेपेसहि तोच चुकीचा आंकडा कायम होता. परंतु या वेळीं धावपट्टीचे दिवे वेळेवर दिसले, आणि सर्वजण सुखरूप उतरले.

थंडीहि अशीच फसवते. थंड हवा आकसते, म्हणून तींत भार लवकर उतरतो. प्रमाण तापमानापेक्षां हवा दहा अंशांनीं थंड असेल, तर खरी उंची यंत्रांतील उंचीपेक्षां शेंकडा सुमारें चारांनीं कमी भरते. भार सांगणाऱ्या तळापासून ५००० फूट वर आहों असें यंत्र म्हणत असतां दोनशें फूट आधींच गमावलेले असतात. डोंगराळ मुलुखांत हे दोनशें फूट फार मोलाचे आहेत.

यावर उपाय जुनाच आहे. गणित सोडविल्यावर आपण ताळा पाहतों, तसा येथेंहि पाहावा. ऐकलेला आंकडा मोठ्यानें परत म्हणावा. हवामानाच्या लेखी अहवालाशीं तो ताडून पाहावा. आणि उड्डाणापूर्वीं यंत्र त्या विमानतळाची ज्ञात उंची दाखवितें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. उत्तर बरोबर दिसतें एवढ्यानें तें बरोबर ठरत नाहीं. तें कोणत्या आंकड्यावरून काढलें हेंहि विचारलें पाहिजे. ज्यांचीं मुलें हें शिक्षण घेत असतील, त्यांनीं घरीं आल्यावर त्यांस एवढा एकच प्रश्न विचारावा: उंचीमापक काय मोजतो? 'उंची' असें उत्तर आलें, तर धडा पुन्हां वाचावयास सांगावें.

दवबिंदु व धुकें यांविषयीं पुढील महिन्यांत.