गोळीचा तद्भव

वर्गात मी दरवर्षी सांगतो, की संस्कृतातला ‘हस्त’ मराठीच्या घरात आला आणि ‘हात’ झाला. तत्सम शब्द मिरवायला बरे; पण रोजच्या कामाला तद्भवच उपयोगी पडतात! औषधांतही असे तद्भव असतात, हे मात्र मला भाचीच्या आजारपणात कळले.

सहाव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी मेथिलडोपाच्या गोळ्या दिल्या. ही गोळी मेंदूत जाऊन काम करते, हे ऐकून आमच्या अक्काने धसकाच घेतला. “दुखणं रक्ताचं, मग औषध डोक्याला कशाला रे?”

प्रश्न रास्त होता. रक्तवाहिन्या किती आवळायच्या, हृदयाने किती जोर लावायचा, याचे हुकूम मेंदूच्या देठातून सुटतात. मेथिलडोपाची घडण अन्नातल्या अमिनो आम्लासारखी. त्यामुळे मेंदूच्या वेशीवरचे पहारेकरी तिला घरचीच समजून आत घेतात. आत चेतापेशींतली विकरे तिच्यावर दोन संस्कार करतात, आणि तिचे अल्फा-मेथिलनॉरअ‍ॅड्रेनॅलिन होते. हे नवे द्रव्य अल्फा-२ नावाच्या ग्राहकांना जाऊन भिडते. हुकूम सौम्य होतात, वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो.

“म्हणजे सासरी जाऊन नाव बदललं, की मग कामाला लागते म्हणायची!” अक्का म्हणाली. आता यावर व्याकरणकाराने काय बोलावे?

१९६० साली या औषधाचा गुण अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा ते एका विकराला अडवते म्हणून दाब उतरतो, असा समज होता. पुढे प्राण्यांवर प्रयोग झाले. मेंदूतले रूपांतर थांबवले, तेव्हा दाब उतरेना; मेंदूबाहेरचेच थांबवले, तर तो उतरत राहिला. तंटा मिटला.

रूपांतराला वेळ लागतो. म्हणून एका गोळीचा पुरता गुण दिसायला चार-सहा तास जातात. आरंभी थोडी झापडही येते. तेवढ्यावरून घरची वडील मंडळी “बंद कर ती गोळी” म्हणून मोकळी होतात. वाचकहो, तसे करू नका. गोळी सुटली, की एक-दोन दिवसांत दाब पुन्हा चढतो, आणि गर्भारपणात फार चढलेला दाब आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. गर्भवतीला चालणाऱ्या रक्तदाबाच्या थोड्या औषधांत ही जुनी गोळी आजही आहे. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.