पौर्णिमा, प्रदक्षिणा आणि भरती

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, इंदूर-बैतूल रस्त्यावर वसलेल्या कन्नौद गावाहून एका मराठी कुटुंबाचे पत्र आमच्याकडे आले आहे. आजीपासून नातवंडांपर्यंत आठ माणसे दोन मोटारींतून निघणार. इंदूर, सेंधवा, धुळे, नाशिक असा मजल-दरमजल प्रवास करीत अलिबागला उतरणार. तेथून समुद्र उजव्या हाताला ठेवून दोन दिवसांत गोमंतक गाठणार, आणि श्रीमंगेश व श्रीशांतादुर्गा यांच्या दर्शनाने आपल्या कुलाचाराची सांगता करणार, असा त्यांचा बेत आहे. वाटेत मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, भर दुपारी हरिहरेश्वराची प्रदक्षिणा योजिली आहे. 'एवढे दिवस पुरेत ना?' एवढाच त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर केवळ त्या कुटुंबापुरते नसल्यामुळे आम्ही ते येथे देत आहोत.

माळव्यातील मराठी माणसाचे कोकणाशी असलेले नाते आजचे नव्हे. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पवार, धारचे पवार, इंदूरचे होळकर यांच्यामागोमाग कितीतरी दक्षिणी घराणी नर्मदाकाठी जाऊन स्थिरावली. ज्या बाजीरावाने माळव्यात मराठ्यांचे पाऊल रोविले, त्याच्या भट घराण्याचे मूळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर, आणि १७४० साली त्याचा देह पडला तो नर्मदातीरी रावेरखेडीस. तेव्हा कन्नौदचे कुटुंब श्रीवर्धनच्या वाटेने गोमंतकात येते, ते एका अर्थी माहेरीच येते. अशा माणसांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु माहेरी येणाऱ्यास वाटेतील धोका सांगणे हे स्वागताचेच पहिले अंग आहे, आणि या बेतात धोका आहे.

पहिली चूक हिशेबाची आहे. नकाशावर सूत धरून किनारा मोजला आणि ताशी साठ किलोमीटरने भागला, तर उत्तर सुबक येते. पण ते खरे नसते. कोकणचा किनारा हा सलग रस्ता नव्हे; सह्याद्रीतून उतरलेल्या नद्यांनी तो जागोजाग कापला आहे. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल अशी ही मालिका आमच्या वेशीपर्यंत येते. काही खाड्यांवर पूल आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी मोटार फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावी लागते. बोट चुकली की थांबणे आले, अथवा खाडीला लांबचा वळसा घालणे आले. रेवस ते रेड्डी अशा सागरी मार्गाचे बोलणे बॅ. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून, म्हणजे १९८० नंतर, चालू आहे. पण बाणकोटच्या खाडीवरील पुलाचे काम किती वर्षे रेंगाळले हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. आतल्या बाजूच्या मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये हाती घेतले गेले, आणि त्यानंतर दशक उलटून गेले तरी प्रवाशांची रड संपली नाही. सबब, ज्यास किनारा खरोखरच पाहावयाचा आहे, त्याने दिवसाकाठी शंभर-सव्वाशे किलोमीटरांहून अधिकाचा बेत करू नये. दोन दिवसांचे सात दिवस झाले तरी ते वाया गेले असे समजू नये.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, आणि ती श्रद्धेच्या पोटी झाली आहे. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणामार्ग डोंगरावरून पायऱ्यांनी खाली उतरतो आणि समुद्राच्या कडेकडेने खडकावरून जातो. ओहोटी असेल तरच ही वाट वाट असते. भरतीत तिच्यावर लाटा आपटतात. या खडकांवरून माणसे ओढली गेल्याच्या दुर्दैवी घटना पूर्वी घडल्या आहेत. पौर्णिमा हा पुण्यदिवस खरा. पण पौर्णिमा आणि अमावास्या हेच उधाणाचेही दिवस होत, आणि या किनाऱ्यावर त्या दिवशीची भरती येते ती भर दुपारीच. म्हणजे आमच्या या पाहुण्यांनी पुण्याची म्हणून जी वेळ निवडली, ती त्या वाटेवरची सर्वांत वाईट वेळ आहे.

यावर उपाय कोणत्याही यंत्रावाचून त्यांच्या घरीच आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते, हा आमच्या कोळ्या-खारव्यांचा पिढीजात हिशेब आहे. अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता, पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकरा ते साडेबाराच्या दरम्यान. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. गोव्याच्या बाजूस हीच वेळ थोडी अगोदर येते. हिशेब ढोबळ आहे. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळतात. माळव्यात महिने पौर्णिमान्त मोजतात आणि आपल्याकडे अमान्त, म्हणून वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. परंतु तिथी दोन्हीकडे एकच, आणि समुद्र महिन्याचे नाव विचारीत नाही. तेव्हा पौर्णिमेसच प्रदक्षिणा करावयाची असेल, तर दुपार सोडून सकाळच्या ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, उजाडल्यावरच खाली उतरावे, आणि तेव्हाही गावकऱ्यांनी 'नको' म्हटले तर मागे फिरावे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीस पायी जाणाऱ्यांनीही परतीची वेळ याच हिशेबाने बांधावी.

नर्मदाकाठच्या माणसास हे नवे वाटू नये. कन्नौदपासून जवळच नेमावर आहे. तेथे सिद्धनाथाच्या पायाशी नर्मदेचे नाभिस्थान मानतात. तेथून जाणारे परिक्रमावासी शेवटी रेवासंगमाशी, विमलेश्वरास पोचतात, तेव्हा काय करतात? नावेसाठी भरतीची वाट पाहत बसतात, आणि पाणी चढले की मिठीतलाईच्या काठी जातात. शेकडो कोस पायी आलेला तो साधक समुद्राच्या वेळेपुढे मान तुकवितो. मग मोटारीत बसलेल्या माणसास एवढी घाई कशाची?

ही घाई जीवघेणी ठरते, याची दोन उदाहरणे एकाच वर्षाने दिली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. देशावरून आलेल्या त्या मुलांना पाण्याची ओढ कळावी तरी कशी? त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश काळातील पूल पुरात वाहून गेला, आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. तेथे दोष प्रवाशांचा नव्हता. परंतु पावसाळ्यात कोकणात रात्रीचा प्रवास करू नये, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला किती शहाणपणाचा आहे हे त्या रात्रीने दाखविले. माळव्यात पाऊस जूनच्या मध्यास वा त्यानंतर पोचतो. आमच्याकडे तो पहिल्या आठवड्यातच दारात असतो. उन्हाळी सुटीचे शेवटचे दिवस धरून निघणाऱ्या तिकडच्या कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवावा. दत्तजयंतीचा हंगाम त्या दृष्टीने उत्तम आहे.

आता आमच्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. पाहुणा चुकला म्हणून आपण चुकचुकतो. पण त्याला सांगितले कोणी? गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, लाल निशाणे लागतात. त्यांचा उपयोगही झाला आहे. परंतु निशाण पाण्याशी आल्यावर दिसते. बेत त्यापूर्वीच ठरलेला असतो. आमची सूचना अगदी अल्प खर्चाची आहे. प्रत्येक किनारी पंचायतीने, प्रत्येक देवस्थानाने आणि फेरीबोटीच्या प्रत्येक धक्क्याने रोज सकाळी एका फळ्यावर खडूने चार ओळी लिहाव्यात: आजची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, शेवटची बोट. मराठीत लिहाव्यात, हिंदीतही लिहाव्यात. उतरण्याची सोय करणाऱ्या घरमालकाने खोलीची किल्ली देताना याच चार गोष्टी तोंडी सांगाव्यात. यासाठी मंत्रालयाच्या मंजुरीची गरज नाही. गरज आहे ती आपल्या अंगवळणी पडलेले ज्ञान दुसऱ्यास ठाऊक नसते, एवढे उमजण्याची.

कन्नौदच्या त्या कुटुंबास आमचे उत्तर असे: अलिबाग, हरिहरेश्वर, हर्णै, गणपतीपुळे, विजयदुर्ग आणि मालवण येथे एकेक रात्र काढा, सातव्या दिवशी तेरेखोल ओलांडून गोमंतकात या, आणि एक दिवस हातचा राखा, कारण एखादी बोट चुकेलच. आजींना फेरीबोटीत उन्हाच्या बाजूस बसवू नका. श्रीमंगेश आणि श्रीशांतादुर्गा सोळाव्या शतकापासून फोंड्याच्या आश्रयाला आहेत. तुम्ही पाच दिवस उशिरा आलात म्हणून ते रागावणार नाहीत. तुम्ही आठच्या आठजण सुखरूप पोचावे, हीच त्यांची आणि आमची इच्छा आहे.