हिशेब आपला, वही दुसऱ्याच्या हाती

हळर्णच्या किल्ल्यावर १७४६ साली पोर्तुगीजांचा झेंडा लागला. जिंकणाऱ्या व्हाइसरॉयने आपल्या उपाधीतच आमच्या गावाचे नाव घेतले, आणि तो मार्क्विस ऑफ अलोर्ना म्हणून मिरवू लागला. लिस्बनच्या दरबारी त्या स्वारीचा वृत्तांत त्याच्याच बाजूने लिहिला गेला. किल्ला आमचा, माणसे आमची, पण हिशेबाची वही परक्याच्या हाती. गोवा मुक्त होऊन सहा दशके उलटली तरी ही सवय पुरती गेलेली नाही, असे आम्हाला वाटते.

तिळारीचेच उदाहरण घ्या. गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात या प्रकल्पाचा करार १९९० साली झाला. खर्चाचा आणि पाण्याचा सुमारे ७३ टक्के वाटा गोव्याचा. पेडणे, डिचोली आणि बार्देशच्या शेतीला पाणी मिळेल, वायंगणी पिके वाढतील, बागायती फुलतील, हे आमच्या वाडवडिलांना सांगितले गेले. कालवे खणले गेले, त्यांत काही कुटुंबांच्या पिढीजात जमिनी गेल्या. चांदेलच्या प्रकल्पातून नळाला पाणी आले, हे मान्य केलेच पाहिजे. पण कालव्याच्या पाण्याने किती शेत खरोखर भिजले? किती कुटुंबांचे उत्पन्न वाढले? जमीन गेली त्यांचे पुढे काय झाले? ऑगस्ट २०१९ मध्ये नदीकाठच्या गावांत पाणी शिरले तेव्हा इशारा वेळेवर कोणाला मिळाला आणि कोणाला नाही? या प्रश्नांची गावनिहाय उत्तरे आमच्या एकाही ग्रामसभेच्या टेबलावर आलेली आम्ही पाहिली नाहीत.

सरकारी अहवालात ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’ असा एक शब्द असतो. याचा अर्थ एवढाच, की कालवा तिथवर पोचला. शेत भिजले की नाही, हे तो शब्द सांगत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात या दोहोंतल्या अंतराने सरकार हादरले होते. २०११-१२ च्या तिथल्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले, आणि हजारो कोटी रुपये गेले कुठे, या प्रश्नावर २०१२ साली श्वेतपत्रिका काढावी लागली. एका साध्या आकड्याने जे केले, ते शंभर भाषणांनी झाले नसते.

काम किती झाले हे मोजणे ही देखरेख. त्या कामाने माणसाचे काय भले झाले हे तपासणे म्हणजे मूल्यमापन. आज जगभर हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक, मोठ्या स्वयंसेवी संस्था यांना अशी माणसे सतत लागतात. आपल्या देशात योजना आयोगाने १९५२ सालीच कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभारली होती. आज नीती आयोगाचे स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले. २०२१ पासून, ज्या कंपन्यांचा हा खर्च सरासरी दहा कोटींच्या वर जातो, त्यांना एक कोटीपेक्षा मोठ्या प्रकल्पांचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घ्यावा लागतो. २०१३ च्याच भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामाचा अभ्यास सक्तीचा केला. म्हणजे कामाला तोटा नाही. प्रश्न हा, की ते करणार कोण?

आजवर ते बाहेरचे करतात. एकदा आमच्या दारी असाच एक पाहणीवाला आला होता. कोणत्या कार्यालयाचा ते सांगत बसत नाही. ओसरीवर बसून त्याने चहा घेतला, चार प्रश्न विचारले आणि उरलेला चाळीस प्रश्नांचा कागद स्वतःच भरून टाकला. शेजारच्या तीन घरांचाही तिथेच भरला. आमची विहीर कधी आटते, कुळाच्या वाट्याची शेती कोण करतो, मुंडकाराच्या घराचा कागद झाला की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते आणि जाणून घेण्याची गरजही वाटली नाही. त्याच कागदावरून पुढे कुठेतरी आमच्या गावाचा आकडा ठरला असेल.

याउलट गडचिरोलीत पाहा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची नोंद ठेवायला आणि काळजी घ्यायला शिकवले. त्या कामाचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि देशोदेशीच्या आरोग्य धोरणांवर त्याचा परिणाम झाला. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणी सुरू केली. जिल्ह्याजिल्ह्यातले स्थानिक तरुण घरोघर जाऊन मुलाला दुसरीचा परिच्छेद वाचता येतो का, हे तपासतात. शाळेच्या इमारती मोजणाऱ्या सरकारला त्यांनी मुलांचे वाचन मोजायला लावले. आंध्रात रोजगार हमीच्या सामाजिक लेखापरीक्षणासाठी मजुरांच्या घरांतलीच मुले तयार केली गेली. शिकलेला परका जे पाहू शकत नाही, ते शिकलेला गावकरी पाहतो.

आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभाचा अभ्यास केला, तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. तिळारीला असा अभ्यास का नको?

काही जाणते म्हणतील, मोजून काय होणार, सरकार ऐकते थोडेच? आक्षेप खोटा नाही. अहवाल धूळ खात पडतात हे आम्हीही पाहिले आहे. गावचाच माणूस मोजणार म्हणजे गटबाजी आली, हीही भीती रास्त आहे. म्हणून आपल्या गावचे मोजमाप शेजारच्या गावाच्या मुलांनी करावे आणि निष्कर्ष भर ग्रामसभेत वाचून दाखवावा. ग्रामसभेच्या इतिवृत्तात एकदा नोंदलेला आकडा सहज पुसता येत नाही. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. त्यात पेडणेकरांना नोकऱ्या किती, कायम किती आणि कंत्राटी किती, यावर आजही प्रत्येक पक्षाचा आकडा वेगळा. आपला आकडा मात्र आपल्यापाशी नाही. म्हणूनच कोणीही यावे आणि काहीही सांगावे, अशी आपली गत आहे.

तेव्हा आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिले, विर्नोडच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयात, गोवा विद्यापीठाच्या मदतीने, सर्वेक्षण आणि मूल्यमापनाचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू व्हावा, तोही मराठी आणि कोकणीतून समजावून सांगत. दुसरे, आपल्या संस्थेने दरवर्षी दोन मुलामुलींना पुण्याच्या गोखले संस्थेत किंवा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकायला पाठवण्यासाठी निधी उभारावा. आपल्या जुन्या घराण्यांनी देवळांच्या जीर्णोद्धाराला कधी हात आखडता घेतला नाही. इथेही घेऊ नये. तिसरे, मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारावे: मागल्या पाच वर्षांतल्या एका कामाचा परिणाम, गावच्या मुलांनी मोजलेला, तुम्ही ग्रामसभेत मान्य कराल काय?

हळर्ण, कासारवर्णे, इब्रामपूरची मुले आज नोकरीसाठी सकाळच्या बसने म्हापसा-पणजी गाठतात. त्यांतली काही उद्या नैरोबीला किंवा जिनिव्हाला जाऊन दुसऱ्यांच्या योजनांचे मोजमाप करतील, तर आम्हाला आनंदच होईल. पण त्यांनी पहिला सराव आपल्या शेताच्या बांधावर करावा. वही आता आपल्या हाती यायला हवी.