करप्याचं खापर

मागच्या वर्षी तालुक्याच्या मेळाव्यात एक साहेब माईकवरून म्हणाले, "करपा हा रोग नाही, शेतकऱ्याचा निष्काळजीपणा आहे." टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरच ठेवले. कारण आमच्या घरी करपा आला तो निष्काळजीपणानं नाही. तो मी आणला. पिशवीतून.

आम्ही मावळातले. आबा तीन भातं करायचे. वरच्या खाचरात आंबेमोहर, मधल्यात रायभोग आणि ओढ्याकाठी एक लाल कुसळाचं भात. त्याला आम्ही नुसतं लालभातच म्हणायचो. मी शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत नव्या वाणाची पिशवी घेऊन आलो. तिच्यावर ठळक छापलं होतं : करपा प्रतिकारक. वाणाचं नाव मुद्दाम घेत नाही, दोष त्याचा नव्हे. आबांना म्हटलं, हे तीन-तीन प्रकार कशाला? एकच लावा, एकदम कापा, एकदम झोडा. त्यांनी ऐकलं. शिकलेल्या पोराचं ऐकायचं नाही तर कुणाचं! त्यांचं बघून वाडीनं ऐकलं, मग पलीकडच्या वाडीनं.

खोटं बोलणार नाही, चार वर्षं भात असं पिकलं की कणग्या पुरेनात. बहिणीचं लग्न त्यातच झालं.

पाचव्या वर्षी सप्टेंबरात झड लागली. दिवसभर भुरभुर, रात्री गारवा, सकाळी दहापर्यंत धुकं. पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके आले, मध्ये राखाडी, कडेनं तपकिरी. फवारणी केली, पण पाऊस थांबेल तर ना! पुढं भात निसवलं आणि लोंबीच्या मानेला काळं कडं पडू लागलं. लांबून खाचर पिकल्यासारखं पांढुरकं दिसायचं, लोंबी हातात घेतली की पळंज. एका खाचराचं नाही, सबंध खोऱ्याचं. आबा बांधावर बसून एवढंच म्हणाले, "तुझ्या पिशवीवर काय लिवलं व्हतं रं?"

पंचनाम्याला आलेल्या माणसानं कारण लिहिलं : युरियाचा अतिवापर. आबांनी युरिया जास्त टाकला होता, हे खरंच आहे. नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं आणि करप्याचं फावतं, हे मीही शिकलो होतो. पण मग आदल्या चार वर्षांत युरिया काय कमी पडला होता?

खरं कारण मला कॉलेजात शिकवलेलं होतं, परीक्षेपुरतं. करप्याच्या बुरशीचं बीज पानावर चिकटतं आणि मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब तयार करून पानाला भोक पाडतं. एका ठिपक्यातून हजारो बीजं उडतात. प्रतिकारक वाणात बहुतेक वेळा एखादाच जनुक या बुरशीची एक खूण ओळखतो आणि दार लावून घेतो. खूण बदललेली बुरशी आली की तो जनुक आंधळा. आणि सगळ्या खोऱ्यात एकच दार असेल, तर एका किल्लीत सगळी घरं उघडी. दक्षिण कोरियात हेच झालं. तोंगिल जातीच्या वाणांनी तिथली निम्म्याहून अधिक भातशेती व्यापली होती. 1978 साली करप्याच्या नव्या प्रकारानं त्यांना झोपवलं. ते शेतकरीही अडाणीच होते म्हणायचे?

लोणावळ्याला करपा इतका हमखास येतो की देशभरातले वाण तिथं मुद्दाम लावून पारखतात. म्हणजे बुरशी एकसारखी राहत नाही, हे संशोधकांना पक्कं ठाऊक आहे. पिशवी छापणाऱ्यालाच तेवढं ठाऊक नाही. औषधाला मुदतीची तारीख असते, मग 'प्रतिकारक' या शब्दाला का नसावी? कुठल्या वर्षी, कुठल्या भागातल्या करप्यापुढं हा वाण टिकला, एवढं छापायला किती शाई लागते?

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये. आंबेमोहरालाही करपा लागायचाच, वर तो वाऱ्यानं आडवा पडायचा. पण आंबेमोहर गेला तरी लालभात उभं असायचं. चीनच्या युनान प्रांतात याचाच मोठा प्रयोग झाला. तिथं संकरित भाताच्या चार-सहा ओळींनंतर उंच चिकट भाताची एक ओळ लावली. करप्याला बळी पडणाऱ्या त्या चिकट भातावरचा रोग 94 टक्के कमी झाला, उत्पन्न 89 टक्के वाढलं. 2000 साली हे प्रसिद्ध झालं. आबा शाळेत चौथीपर्यंतच गेले होते, आणि मी त्यांना विचारलं होतं, तीन प्रकार कशाला?

मेळाव्यात हे सगळं बोलायला उठलो, तर वेळ संपला म्हणाले. चहा आला.

आबा आता नाहीत. लालभाताचं बी आमच्याकडं उरलंच नव्हतं. पलीकडच्या वाडीतल्या एका म्हातारीनं देवाच्या नैवेद्यापुरतं एक वाफाभर जपलं होतं. तिनं दोन शेर दिलं, पैसे घेतले नाहीत. यंदा ओढ्याकाठच्या खाचरात लावलंय.