आरमाराची रसद आणि दिरंगाईचे पाप

युद्धनौकेची तोफ सर्वांना दिसते. त्या तोफेला दारूगोळा, इंजिनाला तेल आणि नौसैनिकाला अन्नपाणी पोहोचविणारे जहाज मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु भर समुद्रात रसद देणारे हे जहाज नसेल, तर बलाढ्य विनाशिकेलाही लवकरच बंदराची वाट धरावी लागते. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांना अब्दालीच्या तलवारीआधी उपासमारीने गाठले. रसद तुटली की पराक्रमही थिटा पडतो, हा धडा रक्ताने शिकलेल्या देशाने तो समुद्रावर विसरावा काय?

इतिहास पाहा. ‘आदित्य’ या पुरवठा जहाजाची मागणी १९८५ मध्ये नोंदविली गेली. ते नौदलात दाखल झाले २००० मध्ये. तब्बल पंधरा वर्षे! दरम्यान १९९६ मध्ये ‘ज्योती’ रशियाहून आणावी लागली आणि २०११ मध्ये ‘दीपक’ व ‘शक्ती’ इटलीहून. जहाजांची नावे संस्कृत, बांधणी मात्र परक्याची!

जुलै २०१४ मध्ये पाच नव्या जहाजांना संरक्षण खरेदी परिषदेची मान्यता मिळाली. राष्ट्रवादी विचारांचे सरकार आले, आता तरी दिरंगाई संपेल, असे वाटले होते. प्रत्यक्ष करार व्हायला मात्र ऑगस्ट २०२३ उजाडला. त्याहून संतापजनक प्रकार मधल्या काळातला. तुर्की कंपनीच्या आराखड्यावर बांधलेले तेलवाहू जहाज २०१८ मध्ये पाकिस्तानी नौदलात रुजू झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रसंघात काश्मीरचा राग आळवला. आणि त्याच वर्षी आपल्या पुरवठा जहाजांसाठी निवड झाली ती एका तुर्की समूहाची! शत्रूच्या मित्राला आपल्या भात्याची मापे घ्यायला बोलावण्याची ही कोणती नीती? निविदेत स्वस्त ठरलेला तो सुरक्षित, असा हिशेब वाण्याच्या दुकानात चालेल, राष्ट्ररक्षणात नव्हे.

सुदैवाने ती वाट सुटली. सुमारे १९ हजार कोटी रुपयांच्या करारानुसार प्रत्येकी ४४ हजार टनांची पाच जहाजे देशी आराखड्यावर बांधण्याचे काम विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डकडे आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४१ मध्ये, परकीय सत्तेच्या छातीवर, ज्या गोदीचा पाया घातला, तीच ही गोदी. या निर्णयाचे स्वागतच आहे.

परंतु करार म्हणजे जहाज नव्हे. वेळापत्रकाप्रमाणे पहिले जहाज २०२७ मध्ये मिळाले, तरी तोवर ‘ज्योती’ने तिशी ओलांडलेली असेल. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, ही राष्ट्रभक्ती नव्हे. प्रत्येक जहाजाच्या प्रगतीचा हिशेब संसदेपुढे ठेवावा आणि यापुढे जुने जहाज थकण्याआधी नव्याचा नांगर घडलेला असावा. समुद्र कोणाच्या फायलींसाठी थांबत नाही. शत्रू तर मुळीच नाही.