पित्ताची गोळी किडनी वाचवत नाही

मा. संपादक,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतील सांधेदुखीवरचा लेख वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. गुडघा दुखला तर दुखण्याची गोळी खुशाल घ्यावी, फक्त उपाशीपोटी घेऊ नये आणि सोबत पित्ताची गोळी घ्यावी, म्हणजे काळजी नाही, असे त्यात म्हटले आहे. हा सल्ला औषधाच्या दुकानात मिळतो, शेजारीपाजारी मिळतो, आणि आता तो छापूनही येऊ लागला. डायक्लोफिनॅक, एसीक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, इटोरीकॉक्सिब ही सगळी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. सांध्याला सूज आणतात ती हीच द्रव्ये. पण जठराचे अस्तर राखणे आणि मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवणे ही कामेही त्यांचीच. पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी आम्ल कमी करते, त्यामुळे जठरातला व्रण आणि रक्तस्राव बऱ्याच अंशी टळतो. तिचे काम तिथे संपते. खालचे लहान आतडे, मूत्रपिंड, हृदय यांचे रक्षण ती करत नाही. दुकानात मात्र एसीक्लोफिनॅक आणि राबेप्राझोल हे पित्ताचे औषध एकाच कॅप्सूलमध्ये घालून विकले जाते, आणि घेणाऱ्याची समजूत होते की धोका कारखान्यातच काढून टाकलेला आहे.

पोट वाचले की सगळे वाचले, या समजुतीची परीक्षा जगाने एकदा घेऊन झालेली आहे. रोफेकॉक्सिब हे औषध नेमके पोट वाचवण्यासाठीच तयार केले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आमवाताच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत नॅप्रोक्सेनच्या तुलनेत पोटाच्या गंभीर तक्रारी निम्म्यावर आल्या, पण त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. तरी ते चार वर्षे विकले गेले. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले आणि डिसेंबरमध्ये आपल्याकडेही बंदी आली. बरे, तो एका औषधाचा दोष म्हणावा, तर २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ने सहाशेहून अधिक चाचण्यांचा एकत्रित हिशेब छापला. जास्त मात्रेत, म्हणजे दिवसाला १५० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक वर्षभर घेणाऱ्या दर हजार जणांत हृदयविकार वा पक्षाघातासारख्या सुमारे तीन जादा घटना घडतात आणि त्यांपैकी एक जिवावर बेतते, असे त्यात निघाले. ब्रिटनने २०१५ पासून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणे थांबवले. हजारांत तीन म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. पण चाचण्यांत सहसा निवडून घेतलेली, त्यातल्या त्यात धडधाकट माणसे असतात. आपल्याकडे ही गोळी घेतो तो साठी उलटलेला, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेला माणूस, आणि तो ती वर्षानुवर्षे घेतो. ज्याचा मूळ धोकाच मोठा, त्याच्या वाट्याला भरही मोठी येते.

मूत्रपिंडाची गोष्ट तर याहून दुर्लक्षित. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी घेणारे पुष्कळ आहेत. त्यातला पहिला घटक मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतो, दुसरा लघवीवाटे शरीरातले पाणी कमी करतो. वर दुखण्याची गोळी पडली की आत येणारी वाहिनी आवळते. टाकीत येणारा नळ बारीक, जाणारा मोकळा आणि विहिरीतच पाणी कमी, अशी ही अवस्था. रक्त गाळायला लागणारा दाब उरत नाही. ‘बीएमजे’मध्ये २०१३ साली आलेल्या, रक्तदाबाच्या जवळजवळ पाच लाख रुग्णांच्या अभ्यासात या तीन प्रकारच्या औषधांच्या संगतीने मूत्रपिंड अचानक बिघडण्याचा धोका ३१ टक्क्यांनी वाढलेला आढळला, पहिल्या महिन्यात तर ८० टक्क्यांहून अधिक. म्हणजे चार दिवसच घेतोय, हेही अभय नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात, जुलाब-उलट्यांत हेच आणखी लवकर घडू शकते. मेलेल्या गुरांचे मांस खाणाऱ्या गिधाडांच्या मूत्रपिंडांसाठी सरकारने २००६ मध्ये गुरांचे डायक्लोफिनॅक बंद केले आणि २०२३ मध्ये गुरांच्या एसीक्लोफिनॅकवरही बंदी घातली. फार चांगले केले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही हे खरेच, पण निदान त्याला किडनीबद्दल विचारावे तरी!

मग म्हाताऱ्या माणसांनी कण्हत बसायचे का, हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. दुखणे सोसण्यात काही पुण्य नाही. गोळी घ्यावी, पण कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस, आणि रक्तदाबाची, रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना दाखवून. झिजलेल्या गुडघ्याला आधी चोळायचे डायक्लोफिनॅक जेल वापरावे, असे आता बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण गोळीच्या मानाने त्यातले फार थोडे औषध रक्तात उतरते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे यांवर लेखात एक वाक्यही नव्हते. आमवाताचे तर वेगळेच: दुखण्याची गोळी तिथे फक्त ठणका दाबते, सांधा झिजायचा तो झिजतच राहतो. त्याला मेथोट्रेक्सेटसारखे औषध वेळेवर सुरू व्हावे लागते, आणि गोळ्यांवर काढलेले महिने त्या उपचारातून वजा होतात. खेड्यात डॉक्टर कुठे, हाही प्रश्न खोटा नाही. पण या गोळ्या शेड्यूल एच मधल्या आहेत. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत, आणि डॉक्टरने तसे लिहिले नसेल तर एकाच चिठ्ठीवर दुसऱ्यांदाही देता येत नाहीत. हा नियम सध्या पट्टीच्या मागच्या लाल चौकटीत छापण्यापुरता उरला आहे. चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या की ती चौकटही दुकानातच राहते. बीपीची गोळी चालू आहे का, किडनीचा, हृदयाचा काही त्रास आहे का, एवढे विचारायला फार्मासिस्टला अर्धे मिनिट लागते. मूत्रपिंडाची स्थिती सांगणारी क्रिएटिनिनची तपासणीही काही दुर्मीळ नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीत, त्या लेखाच्या खालीच, संधिवात मुळासकट घालवणाऱ्या तेलाची आणि चूर्णाची पाव पान जाहिरात होती. संधिवात बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने मनाई आहे. असल्या ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ चूर्णांत स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामके मिसळलेली यापूर्वी सापडली आहेत, म्हणजे गोळी सोडून चूर्णाकडे वळलेला माणूस न कळत तीच गोळी खात असू शकतो, तीही मात्रा माहीत नसताना. अशी जाहिरात स्वीकारण्यापूर्वी आपल्या कार्यालयात तो कायदा कोणी चाळतो का, हे आपण याच सदरात छापावे.

– एक वाचक, सातारा